जंभेरीचा डोळा

माझ्या दिराने माझं झाड चोरलं आणि पुढे त्या झाडालाच चोर ठरवून कापून टाकलं. एवढ्यावर थांबलं तर कुणाला खरं वाटत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. सूड कसा घेतला तेही सांगणार आहे. तो मला अजून गोड लागतो.

मी वनमाला धोटे. वरूडच्या पलीकडे, सातपुडा जिथून निळा दिसायला लागतो तिथे, बेलसावंगीत आमची पन्हेरी आहे. पन्हेरी म्हणजे संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. माझं वय बासष्ट, आणि त्यातली चाळीस वर्षं मी डोळे भरण्यात घालवली.

शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं की संत्र्याचं झाड हे एक झाड नसतंच. खाली मुळं आणि खोडाचा तळ असतो जंभेरीचा. जंभेरी म्हणजे एक रानटी, काटेरी, आंबटढोण लिंबू, पण मुळांना दणकट. तिच्या पेन्सिलीएवढ्या खोडावर चाकूने साल उघडायची, आत संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा अंकुर, सरकवायचा, पट्टी बांधायची. डोळा धरला की वरची जंभेरी कापून टाकायची. खाली एक जात, वर दुसरी. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. डोळा जमिनीपासून वीतभर वर भरायचा, म्हणजे सांध्याला माती लागत नाही. आणि सांध्याच्या खालून जंभेरीचा फुटवा आला की तो लगेच खुडायचा, नाहीतर ती संत्र्यावर चढून बसते.

जंभेरीच्या बीचीही एक गंमत आहे. एका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं उगवतात. त्यातलं एखादंच परागाच्या संबंधातून आलेलं असतं आणि ते बहुधा रोडावतं. बाकीची आईच्याच पेशींतून निघालेली असतात. त्यांना बापच नाही. ती हुबेहूब आई असतात. संत्र्याच्या बीचंही तसंच आहे. हे शास्त्र मला निरंजनने नंतर समजावलं, पण रोडकी रोपं उपटून फेकायचं माझ्या सासूने मला लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं होतं.

त्याच पावसाळ्यात हात बसला का ते बघायला सासूने माझ्याकडून एक डोळा भरून घेतला. ते कलम मी विहिरीजवळ लावलं. झाड झालं, फळाला आलं, वीसेक वर्षं इतर झाडांसारखंच वागलं. मग एका वर्षी नोव्हेंबरात सगळं झाड पिकलं आणि एक फांदी हिरवीच राहिली. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, होळी गेली. झाडावर नवी फुलं आली, तरी ती जुनी फळं घट्ट धरून होती. एप्रिलच्या शेवटी, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन असताना, ती केशरी झाली. मी एक सोललं. साल सैल, रस असा की मनगटापर्यंत ओघळला, आणि आत एकही बी नाही.

वाढत्या टोकातल्या एखाद्या पेशीत कधीकधी आपसूक बदल होतो आणि तिच्यापासून फुटलेली फांदी वेगळ्या स्वभावाची निघते. तशी ती फांदी होती. तिचा स्वतःचा पराग तिच्या स्वतःच्या फुलाला चालत नव्हता, म्हणून फळ बीशिवायच फुगत होतं. मधमाशीने दुसऱ्या जातीचा पराग आणून टाकला, तर मात्र बी धरायची. एका वर्षी शेजारच्या लिंबाला उदंड फुलं आली, तेव्हा तिच्या फळांत चार-चार बिया सापडल्या होत्या. मी बाकीच्या फांद्या छाटत छाटत सगळं झाडच त्या फांदीचं करून टाकलं.

आमच्या पन्हेरीची एक रीत होती. नवं काही सापडलं की त्याची पहिली डोळकाडी विकायची नाही. ती घरच्या माणसाच्या हातात द्यायची, ओल्या फडक्यात चार तांदळाच्या दाण्यांसह. कागद नाही, पावती नाही.

मी ती दिली निरंजनला. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा वर्षांचा होता, नाक पुसता येत नव्हतं, तरी मी त्याला भाऊजीच म्हणायचे. त्याच्या शिक्षणासाठी मी किती डोळे भरले ते मीच जाणे. तो झाडांच्या जनुकांचा मोठा शास्त्रज्ञ झाला, त्याची कंपनी झाली. फडकं उघडून तो डोळे भरून आल्यासारखा म्हणाला होता, "वैनी, हे मी जगात नेतो."

नेलं. त्याच्या प्रयोगशाळेत शोध लागलेला नवा वाण म्हणून नोंदवलं. वर्णन लिहिलं, 'बिनबियांचा, उशिरा पिकणारा.' नाव दिलं 'निरंजना'.

मी भांडले नाही. गाढव मी. माझे यजमान मधुकरराव म्हणाले, "घरातच राह्यलं न नाव," आणि मी गप्प बसले.

मग टिटवी आली. कंपनीचं ते उडतं यंत्र, आवाज चिरका म्हणून लोकांनी दिलेलं नाव. पानावर पडून परतणाऱ्या उजेडावरून ती झाडाची जात ओळखते. प्रत्येक जातीचं पान उजेड जरा वेगळा गिळतं आणि वेगळा परत देतं, तो फरक आपल्याला दिसत नाही, तिला दिसतो. एका उड्डाणात सगळं शिवार वाचून जाते. निरंजनाच्या मातृबागेभोवती, म्हणजे जिच्यातून पुढची कलमं निघायची त्या बागेभोवती, तीन किलोमीटरांत दुसरं कुठलंच लिंबूवर्गीय झाड नको, कारण त्याचा पराग आला तर बिया धरतील, असा नियम कंपनीने करून घेतला होता. मोसंबी गेली, जुन्या संत्र्यांच्या बागा गेल्या. माझ्या हाताखाली डोळे भरणारी बेबीनंदा त्या हद्दीत राहायची. तिच्या चुलीमागचं लिंबाचं झाडसुद्धा गेलं.

"मोबदला देल्ला म्हंते," ती म्हणाली. "मी भाजीत मोबदला पिळू का आता?"

आमचं गाव हद्दीच्या बाहेर, सहा किलोमीटरांवर. पण टिटवी फिरता फिरता आमच्या विहिरीवर आली, घुटमळली, आणि आठ दिवसांत कागद आला. विनापरवाना निरंजना वाणाचं एक झाड. मूळ झाडच ते, पण यंत्राच्या वहीत लेकराची नोंद आधी होती आणि आईची नव्हतीच. आई लेकराची चोर ठरली.

करवत घेऊन दोघं आले तेव्हा मी निरंजनला फोन लावला.

"भाऊजी, हे झाड तुमी पाह्यलं हाय. याच्याच सावलीत बसून तुमी बारावीचा अभ्यास केला."

"वहिनी, मला सगळं माहीत आहे. पण त्याची नोंद नाही."

"मंग करा न नोंद. तुमचीच तं कंपनी."

"मागच्या तारखेची नोंद करता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही समजून घ्या."

मधुकररावांनी कागदावर सही केली आणि ओसरीत जाऊन बसले. मी उभी राहिले. एप्रिल होता, झाड फळांनी लदलेलं. ती फळंसुद्धा त्यांनी पोत्यात भरून नेली आणि बुंध्यावर परत फुटू नये म्हणून औषध ओतलं. त्या दिवशी मी रडले नाही. मला त्या माणसाचं वाटोळं करायचं होतं, आणि रडून ते होत नाही.

तीन वर्षं मी वाट पाहिली. संत्र्यात काम करणाऱ्या बाईला वाट पाहणं कुणी शिकवावं लागत नाही.

जून महिन्यात, दुपारच्या वेळी निरंजनची गाडी दारात थांबली. बुटासकट ओसरीत आला, मग आठवलं म्हणून परत जाऊन बूट काढले. चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं.

"वैनी," तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून घरची बोली निघाली, "मातृबाग मरून राह्यली. डिंक्या लागला."

डिंक्या म्हणजे खोडातून डिंक पाझरतो, साल कुजते आणि झाड आतल्या आत उपाशी मरतं. मातीतली बुरशी सांध्याला लागली की होतो.

"डोळा कितीक वर भरला होता?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "यंत्राने भरले होते. चार बोटांवर. त्यात नांगराचे तास ओढताना मातीचे वरंबे चढले, सांधे बुजले."

चार बोटं! वीतभर वर भरायचं हे माझ्या पन्हेरीतली नवखी बाईसुद्धा पहिल्या दिवशी शिकते. त्याला मी स्वतः शिकवलं होतं, हातावर वीत मोजून. पण यंत्राचा हात खाली जास्त वेगाने चालतो, म्हणून शास्त्रज्ञसाहेबांनी चार बोटं ठरवली. मला आतून असा आनंद झाला की मी उठून चुलीवर चहा ठेवला.

अकराशे झाडं होती. दोन वर्षांनी मे महिन्यात तपासणी, परदेशी पाठवण्याआधीची शेवटची. तपासणी पार पडली की वाणाचा हक्क पंचवीस वर्षांसाठी पक्का, नाहीतर रद्द. आणि तपासणीची फळं याच मातृबागेतली लागणार.

उपाय एकच होता. प्रत्येक आजारी झाडाशेजारी जंभेरीची दोन नवी रोपं लावायची, त्यांचे शेंडे तासून झाडाच्या सालीत, कुजलेल्या भागाच्या वर, खोचून बांधायचे. ते एकजीव झाले की झाड नव्या मुळांवर जगतं. हे काम अजून कुठल्या यंत्राला जमलेलं नाही. वेड्यावाकड्या खोडाची साल किती सोडायची ते बोटाला कळतं.

"वैनी, तुमच्या हातांशिवाय होत नाही आता. मले वाचवा."

"करते," मी म्हणाले. "पण त्या झाडाचं नाव बदला. कोणी शोधलं ते कागदावर लिहा."

"लिहू न, वैनी. एकदा तपासणी होऊ द्या."

"आत्ता लिहा."

"आत्ता नाई जमत. पण लिहू. तुमची शपथ."

माझी शपथ! स्वतःची घ्यायला जड गेली वाटतं.

जुलैत आम्ही बारा बायका त्याच्या बागेत उतरलो. तीन आठवडे पावसात, गुडघ्याएवढ्या चिखलात. निरंजन रोज येऊन छत्रीखाली उभा राहायचा. टिटवी पहिल्याच दिवशी बोंबलली, कारण तिला जंभेरीची पानं दिसली. त्याने तिथल्या तिथे फोनवर काहीतरी दाबलं आणि तिला सांगितलं की या बागेत जंभेरी म्हणजे औषधोपचार आहे, दुर्लक्ष कर. ती गप्प झाली. मी हे बघितलं आणि कामाला लागले.

झाडं वाचली. हे मी अभिमानाने सांगते, कारण ती शेवटी माझ्याच झाडाची लेकरं होती. अकराशेपैकी फक्त नऊ मेली.

ऑगस्टमध्ये बाकीच्या बायका गेल्या. बांध सोडायला आणि फुटवे खुडायला मी आणि बेबीनंदा अशा दोघीच राहिलो. पाच दिवस लागले. फुटवे खुडलेच, पण आणखी एक काम केलं. रोपाच्या जंभेरीला फूल यायला वर्षं जावी लागतात. पण वयात आलेल्या, फुलणाऱ्या झाडाचा डोळा भरला, तर तो पहिल्याच बहाराला फुलतो. माझ्या पन्हेरीत बीसाठी राखलेली तीस वर्षांची जंभेरी आहे. तिच्या डोळकाड्या मी डब्यात, भाकरीखाली नेत होते. प्रत्येक झाडाला खालच्या बाजूने, जमिनीला टेकलेल्या फांद्यांच्या आत, एक डोळा.

पहिल्या झाडाशी बेबीनंदाने माझा हात बघितला आणि चाकू थांबवला.

"काय व वनूबाई, हे कायचा डोळा हाय?"

मी सांगितलं.

ती उकिडवी बसली. "बाकीच्यायच्या बागेत तं नाई न जाणार पराग?"

"कोणाच्या बागेत जाईन? तीन किलोमीटर त्यानंच सारं साफ केलं."

बेबीनंदा अशी हसली की तिच्या तोंडातली सुपारी पडली. "हे माह्या लिंबाचं," म्हणत तिने पुढच्या झाडाला डोळा भरला.

मधमाश्यांचा प्रश्न नव्हता. कंपनीने पेट्यांवर बंदी घातली होती, पण बारकी फुलोरी माशी कुणाला विचारून येत नाही. ती संत्र्याच्या फांदीतच तळहाताएवढं मोहोळ बांधते. तिला लांब जायची गरजच नव्हती. एकाच झाडात दोन्ही फुलं मिळणार होती.

संक्रांतीला निरंजन तिळगूळ द्यायला आला. मी त्याला शेवटची संधी दिली. खरंच दिली. हो म्हणाला असता, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन अकराशे डोळे खुडून आले असते, बोटं रक्ताळली असती तरी.

"भाऊजी, नावाचं काय झालं?"

तो कपाळाला हात लावून हसला. "वहिनी, आता खोकी छापून झाली हो."

बोलीही परत शहरातली झाली होती. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाले.

फेब्रुवारीत मधुकरराव भावाच्या बागेत फेरफटका मारून आले. ओसरीत बसले, सदऱ्याच्या खिशातून एक फूल काढून माझ्यापुढे ठेवलं. संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र असतं. जंभेरीच्या पाकळीला बाहेरून जांभळी झाक असते.

"हे खुडाचं राह्यलं वाटते," ते म्हणाले.

"राह्यलं नाई."

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि हा माणूस मला कधी उलटून बोलला नव्हता, कधी माझ्या बाजूनेही बोलला नव्हता. मला तेव्हा भीती वाटली. हा उठेल, भावाला फोन लावेल, आणि माझी तीन वर्षं मातीत जातील.

"माह्या मायच्या पोटचा हाय तो," ते म्हणाले.

"मले माहीत हाय."

"त्या दिवशी मी सही केली. नाई केली पाह्यजे होती." त्यांनी फूल उचललं, चुरगाळलं आणि अंगणात टाकलं. "मी त्याले सांगत नाई. पण तपासणीच्या दिवशी मले तिथं नेऊ नको."

मार्चमध्ये फुलं गळून फळ धरल्यावर आम्ही दोघींनी जाऊन सगळे जंभेरीचे फुटवे खुडले, जखमेवर औषध लावलं, बाग कशी स्वच्छ असावी तशी केली. निरंजनने मला सर्वांसमोर शाल दिली. शाल चांगली आहे, अजून वापरते.

मग मी चौदा महिने काहीच केलं नाही. उशिरा पिकणारं झाड त्या चौदा महिन्यांत मला हवं ते करत होतं. रात्री झोप छान लागायची. कुणी म्हणेल की मनात पाप असलं की झोप लागत नाही. त्यांनी माझ्यासारखी झोपून पाहावी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. मांडव, चार कूलर, पांढऱ्या कापडाची लांब टेबलं. तीन तपासनीस, परदेशी दोन व्यापारी, आणि निरंजन नव्या सदऱ्यात. नियम साधा होता. बागेतून कुठलीही शंभर फळं तोडायची, सगळ्यांसमोर आडवी कापायची. शंभर फळांत दोनपेक्षा जास्त बिया निघता कामा नयेत. निरंजनने मला पुढच्या रांगेत आणि माझ्या अकरा जणींना मागे बसवलं. 'आमच्या वहिनी, यांनीच बाग वाचवली,' अशी ओळख करून दिली. बाग वाचवली, एवढंच.

पहिलं फळ कापलं. स्वच्छ. टाळ्या पडल्या. दुसरं कापलं.

सुरी अडली. तपासनीस बाईने भुवया उचलल्या, चिमट्याने एक बी काढून पांढऱ्या कापडावर ठेवली. मग दुसरी. मग आणखी तीन. निरंजन पुढे झाला, म्हणाला, "एखादं असतं असं." तिसऱ्यात चार निघाल्या. चौथ्यात सहा. सुरीचा तो बारीक कच्च आवाज येत होता आणि मांडवात कुणी हलत नव्हतं. तिसाव्या फळाशी तपासनीस बाईने सुरी खाली ठेवली आणि कागदावर आडवी रेघ मारली.

निरंजन टेबलाला धरून उभा होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने बियांकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, आणि मग हळूच वळून माझ्याकडे. शास्त्रज्ञ होता तो, मूर्ख नव्हता. सगळं त्याच्या ध्यानात एका क्षणात आलं, आणि ते येताना मी बघितलं. त्यासाठीच तर पुढच्या रांगेत बसले होते.

मी उठले, टेबलाजवळ गेले. कापलेल्या फळाची एक अर्धी वाटी उचलली आणि खाल्ली. तीच चव. विहिरीजवळच्या झाडाची, पाच वर्षांनी. बिया मी पदरात थुंकल्या. कापडावरच्याही गोळा करायला लागले. मागून बेबीनंदा आली, मग बाकीच्या दहा जणी, ओंजळी भरभरून.

निरंजन जवळ आला. "वैनी, त्या बिया... त्यातून हाच वाण उगवेल. त्या नेता येत नाहीत. त्या कंपनीच्या आहेत."

"कोणत्या बिया, भाऊजी?" मी पदराची गाठ मारली. "तुमच्या कागदात तं लिवलं हाय, या फळात बीच नसते."

घरी आले तेव्हा मधुकररावांनी विहिरीजवळ, त्या बुंध्याच्या शेजारी, वाफा करून ठेवला होता. माती चाळून, शेणखत घालून. मी पदर सोडला आणि आम्ही दोघांनी बिया पेरल्या.

जूनमध्ये एकेका बीतून तीन-तीन कोंब आले. रोडके मी उपटून फेकले. उरली ती सगळी आईच होती. त्याच महिन्यात 'निरंजना'चा हक्क रद्द झाल्याचा आदेश निघाला. ज्यांनी पूर्वी त्याची कलमं घेतली होती, त्यांना आता ती मोकळेपणी वाढवता येत होती.

एका सकाळी मी वाफ्याला पाणी देत असताना कुण्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेली टिटवी शिवारावरून आली. विहिरीपाशी थांबली, त्या वीतभर रोपांवर घुटमळली, आपल्या वहीत शोधत राहिली. नोंद सापडली नाही. ती निघून गेली आणि मी राहिलेल्या ओळीला पाणी घातलं.